शनिवारचा सलाम

आई,

बाबांनी पुन्हा अबोला धरलाय. तू गेल्यानंतरच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आता नव्वदीला टेकलेत. खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगावरच असतात, पलंग बाहेरच्या खोलीत खिडकीला लावलाय. मी शाळेतून निवृत्त झाले, तेव्हापासून मीही दिवसभर मुलुंडच्या ह्याच दोन खोल्यांत. म्हणजे बघ, एकाला उठता येत नाही आणि दुसरीला त्याला सोडून बाहेर पडता येत नाही. कोथिंबिरीची जुडी आणायची तरी शेजारच्या काकूंना आणून बसवावं लागतं. परवा त्याच म्हणाल्या, "तुमचे बाबा किती शांत झालेत ना हल्ली, आधी केवढी बडबड करायचे." मी म्हटलं, हो ना, वय झालं. त्यांना काय सांगणार? हे शांत होणं मी लहानपणापासून ओळखते, खोलीत पाऊल टाकलं की अंगाला कळतं. आणि हे सगळं तुला सांगायलाच हवं, कारण ह्यात तुझाही हात आहे.

आपल्याकडे कधी आरडाओरडा नव्हता. बाबांनी तुझ्यावर हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. चर्चमधल्या बायका तुला म्हणायच्या, नशीबवान आहेस बाई, देवमाणूस मिळाला. तू हसायचीस. देवमाणूस बोलायचाच बंद व्हायचा, हे तू त्यांना कसं सांगणार होतीस? शर्टाचं बटण राहिलं, चहा निवला, पाहुण्यांसमोर तू जरा मोठ्याने हसलीस, एवढं पुरे व्हायचं. मग जे काही बोलायचं ते माझ्यामार्फत. स्वयंपाकघराच्या दारात मी उभी. इकडे ते पाटावर, तिकडे तू ओट्याशी, मध्ये चार पावलं नाहीत. "आईला सांग, मीठ जास्त आहे." मी मान वळवून तुला सांगायची, आई, मीठ जास्त आहे. "बाबांना सांग, उद्या कमी टाकीन." मी पुन्हा मान वळवायची. दोघांनाही आधीच ऐकू गेलेलं असायचं, तरी मी आपली इमानेइतबारे सांगायची. पोरं असतातच त्यासाठी, असं मला खरंच वाटायचं.

आणि मग तो शनिवार. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये तयारीची सभा. पाळकसाहेब दर वेळी तेच सांगायचे, ज्याच्या मनात कुणाविषयी काही असेल त्याने आधी जाऊन मिटवावं, मगच प्रभुभोजनाच्या भाकरीला हात लावावा. बाकीची मंडळी ऐकून सोडून द्यायची. बाबांनी मात्र ते शब्दशः घेतलं होतं. ते मंडळीचे पंच, रविवारी भाकरीचं तबक घेऊन रांगेरांगेतून फिरायचा मान त्यांचा. म्हणून शनिवारी सभेला निघण्याआधी ते इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघरात यायचे आणि उजवा हात पुढे करायचे. "सलाम." आपल्या लोकांत सगळेच एकमेकांना सलाम म्हणतात, त्यात नवल नाही. पण आपल्या घरात त्या शनिवारच्या सलामाचा अर्थ वेगळा होता. तू पदराला हात पुसायचीस आणि त्यांच्या हातात द्यायचीस. "सलाम." झालं, महिन्याचं सगळं मिटलं. मग त्या रात्री ते बोलत बसायचे, रविवारी मटण आणायचे, ऑफिसातल्या लोकांच्या नकला करायचे, आणि आई, ते काय मजेदार बोलायचे गं! नळाला पाणी यावं तसं त्यांचं बोलणं यायचं आणि आपण दोघी भरून ठेवायचो. आठवडा सरायच्या आत पुन्हा काहीतरी व्हायचं आणि नळ बंद.

ते ढोंग नव्हतं, एवढं मी त्यांच्या बाजूने म्हणेन. त्यांना मनापासून वाटायचं की मिटलं. क्षमा म्हणजे त्यांच्या लेखी दाढी केल्यासारखं होतं, रविवारी चेहरा स्वच्छ हवा, पुढे वाढली तर वाढली. आणि तुझं काय व्हायचं, हे मला कळलं तुझ्या कारखान्यात आले तेव्हा. तुझा डबा घरी राहिला होता आणि शाळेला सुट्टी होती. चेकनाक्याच्या रस्त्यावर तो औषधांचा कारखाना, लांबलचक टेबलं, पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरत बसलेल्या. दारातूनच मला एक आवाज ऐकू आला, कुणीतरी सुपरवायझरची नक्कल करत होतं आणि अख्खं टेबल हसून लोळत होतं. ती तू होतीस. मी डबा घेऊन तशीच उभी राहिले. मला वाटायचं, माझी आई मुळात कमी बोलणारी आहे. मला पाहिलंस आणि गप्प झालीस. तोंडावरचं हसू आवरतानाचा तुझा तो चेहरा मी अजून विसरलेली नाही, आणि त्या दिवशी मला बाबांचा पहिल्यांदा राग आला.

नंतरचं ते तर तू बोललीच नाहीस कधी, पण मला लिहायला हवं. मी अकरा वर्षांची होते. नगरहून मामाचा फोन बाबांच्या ऑफिसात आला, गुरुवारी. आई सिरीयस आहे, ताईला लगेच पाठवा. घरी फोन नव्हताच तेव्हा. आणि बाबांचा अबोला चालू होता. कशावरून, ते आता त्यांनाही आठवत नाही. ते घरी आले, जेवले, गप्प झोपले. शुक्रवारीही तेच. शनिवारी संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आत आले, हात पुढे केला, म्हणाले, "सलाम," तू हात दिलास, आणि मग हात हातातच ठेवून त्यांनी सांगितलं, "अगं, तुझ्या आईची तब्येत बरी नाही म्हणे. मामाचा फोन होता." "कधी?" तू विचारलंस. "परवा." तू हात काढून घेतलास. गॅस बंद केलास, पिशवीत दोन लुगडी कोंबलीस आणि मिळेल त्या एसटीने गेलीस. तिकडे आजी शुक्रवारीच गेली होती. शनिवारी दुपारपर्यंत त्यांनी तुझी वाट पाहिली. तू पोहोचलीस तेव्हा माती होऊन गेली होती.

मला एकच कळत नव्हतं. प्रत्येक गोष्ट माझ्यामार्फत सांगायचे, मग हीच का नाही सांगितली? मी दारातच उभी होते ना, दोन्ही दिवस! मोठी झाल्यावर मी त्यांना विचारलंही. म्हणाले, "असली बातमी काय पोरीच्या तोंडून सांगायची? ती मीच सांगायला हवी होती." मग सांगितली का नाही? तर म्हणे शनिवार यायचा होता. हे सांगताना त्यांचा चेहरा इतका भाबडा होता की मला ओरडताही येईना. त्यांनी स्वतःच एक नियम केला होता आणि तो मोडायचा कसा, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

पुढच्या महिन्यातला शनिवार आला. ते आत आले, हात पुढे केला. तू भाकरी थापत होतीस. वर न बघता म्हणालीस, "हात पिठाचे आहेत." बस, तेवढंच. ते हात मागे घेऊन सभेला निघून गेले. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मी तुझ्या शेजारी बसलेय. बाबा तबक घेऊन आपल्या रांगेपाशी येतात, पांढरा रुमाल, भाकरीचे बारीक तुकडे. कडेच्या मावशी घेतात. तबक तुझ्यापुढे येतं. तू दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत बसतेस. बाबा तबक धरून उभे, वाकलेले. मागच्या रांगेत कुणीतरी खोकतं. माझे कान तापलेत. तू पुढे बघतच राहतेस. शेवटी ते सरळ होतात आणि पुढच्या रांगेकडे जातात. एका शब्दाने भांडली नाहीस तू. सगळ्या मंडळीसमोर नुसती बसून राहिलीस.

मग काय, मंडळीच लोटली आपल्या घरी. महिला मंडळाच्या बायका येऊन प्रार्थना करून गेल्या, तुला कठीण अंतःकरणाची म्हणून गेल्या. पाळकसाहेब आले. "बाई, प्रभूने आपलं किती पोटात घातलं, तुम्हाला एवढं घालता येत नाही?" तू म्हणालीस, "साहेब, चहा घ्या." त्यांनी चहा घेतला आणि बाबांना सांगितलं की घरात समेट होईपर्यंत तबक दुसरा कुणी फिरवेल. बाबा मागच्या बाकावर बसू लागले. मला बरं वाटलं. मी एकदा तुझ्या बाजूने म्हणून मोठ्या तोऱ्यात म्हटलं, मी बाबांना कध्धीच माफ करणार नाही. तू अशी वळलीस माझ्याकडे! "तुझी आई मेली का? माझी मेली. माफ करायचं की नाही ते माझं मी बघेन. तू तुझं गणित कर." मारलं असतंस तर इतकं लागलं नसतं. त्या दिवसापासून मी त्या गोष्टीच्या बाहेरच उभी आहे, दारात, आणि ते दार काही मला सोडवत नाही.

किती महिने गेले कोण जाणे. एका तयारीच्या सभेत तू आपणहून उठलीस, पुढे गेलीस आणि मागच्या बाकावरून बाबांना बोलावून सगळ्यांदेखत सलाम केलास. बाबा रडले, पाळकसाहेबांनी लगेच भजन सुरू केलं. तुझे डोळे कोरडे होते, मी बघत होते. त्यानंतर बाबांनी अबोला म्हणून धरला नाही. उलट बोलायलाच लागले, सकाळी उठल्यापासून. भाजी काय आणू, हवा काय म्हणते, तुला बरं आहे ना. फोनसाठी अर्ज केला. आधी कुणी फोनचं नाव काढलं तर म्हणायचे, कशाला ही चैन. काही वर्षांनी तो काळा डबा घरी आला तेव्हा त्यांनी तो बाहेरच्या खोलीत ठेवला नाही, तुझ्या ओट्याशेजारी फळी ठोकून तिथे ठेवला. का, ते बोलले नाहीत. तू त्याच्यावर क्रोशाचं झाकण विणलंस. मला वाटलं, आता खरंच मिटलं.

आणि मग तू हॉस्पिटलमध्ये असताना, बाबा खाली औषधं आणायला गेले होते, तेव्हा मला जवळ बोलावलंस. "त्या दिवशी सभेत नुसता हात दिला होता मी. आत काही नव्हतं. नंतर झालं कधीतरी." मी विचारलं, कधी? "काय माहीत. भाजी निवडताना झालं असेल. एक दिवस बघितलं तर राग नव्हताच जागेवर." मी म्हटलं, मग बाबांना सांग ना, ते अजून तुझं तोंड बघत असतात. तर तू डोळे मिचकावलेस, नळ्या लावलेल्या असताना! "मुळीच नाही. आणि तूही सांगायचं नाहीस, शपथ आहे. कळलं की परत तोंड शिवून बसतील. धाकात आहेत तोवर बोलतायत." मी खो खो हसले, नर्स येऊन ओरडून गेली. दोन दिवसांनी तू गेलीस आणि ती शपथ माझ्यापाशी राहिली.

तुला ते गमतीचं वाटलं असेल, आई. मला ते जन्माचं होऊन बसलं. तू असेपर्यंत तो धाक कामाचा होता. तू गेल्यावर तो बाबांना खायला लागला. गेल्या वर्षीपासून नवे पाळक महिन्यातून एकदा घरी येतात, तरुण आहेत, छोट्या पेटीत भाकर आणि बोटाएवढे प्याले घेऊन. बाबा हात पुढेच करेनात. "माझं एक राहिलंय," म्हणायचे. पाळक गेले की मला विचारायचे, "तिने मनापासून केलं होतं का गं? तुला काही बोलली होती?" मी उशी नीट करायची, पाणी द्यायची. म्हणायची, मला काय माहीत बाबा. दर महिन्याला तेच. पाळक जिन्यात मला म्हणाले, "ताई, त्यांना मरायची भीती नाही, असं जायची भीती आहे. तुम्हाला काही ठाऊक असेल तर सांगून टाका." मी म्हटलं, मी शपथ घेतलीय. ते म्हणाले, "कुणाशी?" एका मेलेल्या बाईच्या चेष्टेपायी मी एका जिवंत माणसाला उपाशी ठेवतेय, हे कसं सांगायचं?

आणि खरंच नुसती शपथच होती का, तेही मला नक्की सांगता येत नाही. त्यांची दया यायची. पण रात्रंदिवस त्यांचं करताना, त्यांचं अंग पुसताना, मध्येच आजीची माती आठवायची, तुझा तो हसू आवरणारा चेहरा आठवायचा, आणि वाटायचं, विचारू देत, अजून थोडं विचारू देत. आणि लगेच तुझा आवाज, तुझी आई मेली का? मला रागही धरायचा हक्क नाही आणि सोडायचाही नाही. मी कुठे जाऊ सांग.

गेल्या आठवड्यात मी त्यांची नखं कापत होते. त्यांनी हात मागे घेतला नाही, पण बोटं घट्ट मिटली आणि पुन्हा विचारलं. त्या मिटलेल्या बोटांकडे बघून माझं अवसान गेलं. मी म्हटलं, "केलं होतं, बाबा. मनापासून. मला सांगून गेली." ते म्हणाले, "कधी केलं?" "तिलाही नव्हतं माहीत. भाजी निवडताना झालं असेल, म्हणाली." "मग मला का नाही सांगितलं?" आता काय करणार? सगळंच सांगितलं, तोंड शिवून बसाल म्हणाली, तेही. त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. रविवारी पाळक आले तेव्हा आपणहून हात पुढे केला, भाकर घेतली, प्याला घेतला, डोळे मिटून बसले. पाळकांच्या डोळ्यांत पाणी. आणि तेव्हापासून घरात एक शब्द नाही. औषध दिलं की घेतात, कूस बदलली की बदलू देतात, माझ्याकडे बघत नाहीत. तुझंच खरं झालं. मी शपथ मोडली, आणि ह्या दोन खोल्यांत लहानपणासारखी पुन्हा कोंडली गेले, ह्या वेळी सोबतीला तूही नाहीस. मला त्यांचा इतका राग आला, आणि इतकी भीती वाटली की ते असेच जातील, माझ्याशी न बोलता.

आज शनिवार. एक कबूल करते, आई. दुपारच्या डाळीत मी मुद्दाम मीठ जास्त टाकलं, चांगलं तोंड वाकडं होईल इतकं. मला काहीतरी ऐकायचं होतं, ओरडले असते तरी चाललं असतं. ताट नेऊन दिलं, पाठीला उशी लावली आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिले. बाबांनी घास घेतला. थांबले. माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघितलं, ओट्याकडे, जिथे आता कुणी नसतं.

"आईला सांग," ते म्हणाले, "मीठ जास्त आहे."

डोकं ठिकाणावर होतं त्यांचं, आई. डोळे अगदी स्वच्छ होते, आणि त्यात राग होता, घरातल्या माणसावर असतो तसला. तेव्हा कुठे मला कळलं की अबोला माझ्याशी नव्हताच. मी सवयीने मान वळवली. मागे ओटा, गॅस, आणि फोन काढून टाकला तरी अजून तशीच असलेली ती फळी.

म्हणून लिहायला बसले. हे पत्र कुठे टाकणार, टाकायचं नाहीच. पण ताट तसंच पुढे ठेवून ते मघापासून दाराकडे बघतायत. त्यांना काय सांगू?